अठ्ठावन्न म्हणजे शंभरातले का? एका बुद्ध्यांक अहवालाचे प्रकरण

पार्श्वभूमी

ही हकिकत सोलापूरच्या पूर्व भागातली आहे. पालकांच्या परवानगीने लिहिते आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मुलाला घरात चिन्ना म्हणतात. तेलुगूत चिन्ना म्हणजे लहानगा, धाकटा. इकडच्या गल्ल्यांत हाक मारली तर दोन-तीन चिन्ना वळून बघतील, म्हणून इथेही तेच नाव ठेवते.

वडील यंत्रमाग कारखान्यात टॉवेलचे साचे म्हणजे माग चालवतात, आई घरी विड्या वळते, अव्वा म्हणजे आजी सोबत राहते. घरात तेलुगू, गल्लीत तेलुगू आणि मराठी, बाजारात थोडे कन्नड, टीव्हीवर हिंदी, शाळा मराठी माध्यमाची. सोलापुरात याचे कोणाला नवल वाटत नाही. इथली पोरे एका वाक्यात तीन भाषा सहज मिसळतात. चिन्नाला मात्र सहा वर्षांचा झाला तरी एकाही भाषेत नीट बोलता येत नव्हते.

बसणे, चालणे वेळेवर झाले होते. पहिला शब्द अडीच वर्षांनंतर. सहाव्या वर्षी दोन-तीन शब्दांची तुटक वाक्ये, तीही घरच्यांनाच कळतील अशी. पाण्याला तेलुगूत ‘नीळ्ळु’ म्हणतात. तो एकदा ‘ईऊ’ म्हणाला, लगेच ‘नीयू’, तिसऱ्यांदा ‘यीनू’. एकच शब्द दर वेळी वेगळा बाहेर येतो, तेव्हा अडचण फक्त उशिरा बोलण्याची नसते. ओठ-जिभेच्या हालचालींचा क्रम मेंदूला जुळवता येतो आहे की नाही, हेही बघावे लागते.

मी वाचा-भाषा उपचारतज्ज्ञ आहे. पहिलीच्या बाईंनी त्याला माझ्याकडे पाठवले. अर्धा तास बघून मी एका चिठ्ठीवर लिहिले, ‘वाचाविकासात विलंब. बुद्ध्यांक तपासून घ्यावा.’ एवढेच लिहिले. पुढे जे घडले त्याची सुरुवात या चिठ्ठीपासून झाली, म्हणून ती आधीच सांगून ठेवते.

अहवाल आणि वडिलांचा प्रश्न

एका खाजगी केंद्रात तपासणी झाली तेव्हा चिन्ना ६ वर्षे ८ महिन्यांचा होता. अहवाल एका पानाचा. बिने-कामत चाचणी, मानसिक वय ३ वर्षे १० महिने, बुद्ध्यांक ५८. रोजची कामे मूल स्वतः किती करते हे घरच्यांना विचारून मोजणाऱ्या व्हाइनलँड सामाजिक परिपक्वता मापनीवर सामाजिक गुणांक ६४. निष्कर्ष ‘सौम्य बौद्धिक दिव्यांगत्व’. खाली विशेष शाळेची शिफारस आणि मुलाने ‘सहकार्य कमी’ दिल्याची नोंद. शाळेने अहवाल वाचून दिव्यांग प्रमाणपत्र काढायला आणि मुलाला विशेष शाळेत घालायला सांगितले.

वडील टॉवेलच्या दुकानाच्या पिशवीत तो कागद घालून माझ्याकडे आले. पाळी संपवून थेट आले होते, केसांवर कापसाची लव तशीच होती. कागद उलगडून त्यांनी आकड्यावर बोट ठेवले.

“मॅडम, हे अठ्ठावन्न म्हणजे शंभरातले का? मग पास आहे की पोरगं.”

आकड्याचा अर्थ त्यांना कोणीही सांगितला नव्हता. मी कागदावर मांडून दाखवले. मुलाचे खरे वय ८० महिने. चाचणीत तो ज्या पातळीपर्यंत पोहोचला ती ४६ महिन्यांची. ४६ भागिले ८०, गुणिले १०० केले की साडेसत्तावन्न, म्हणजे ५८. हे शंभरातले गुण नव्हेत. शंभर म्हणजे वयाप्रमाणे, आणि साधारण ७० च्या खाली गेले की बौद्धिक दिव्यांगत्वाचा विचार सुरू होतो.

ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “साचा चालू असताना धागा तुटला की माझ्याआधी याला कळतं. आवाज बदलतो म्हणून. सुट्टीच्या दिवशी कारखान्यात सोबत आला की बोट करून दाखवतो. दुकानातनं दूध आणतो, सुट्टे पैसे मोजून आणतो. चार वर्षांचं पोरगं असं करतं का?”

आईची तक्रार वेगळी होती. “त्यांनी सगळं मराठीत विचारलं. मराठी तो शाळेत गेल्यावर ऐकायला लागला. आणि बोलताच येत नाही त्याला, मग तोंडानं उत्तर कसं देणार?”

शंकेत तथ्य किती

मुलाच्या प्रेमापोटी पालक असे बोलतातच, म्हणून हे सोडून देण्याची सवय आमच्या व्यवसायात आहे. मीही पहिल्या पाच मिनिटांत मनात तेच म्हणत होते. पण या दोन तक्रारी चाचणीच्या रचनेशी ताडून पाहिल्या तेव्हा त्यांत भावनेपेक्षा बरेच जास्त निघाले.

आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमाँ यांनी १९०५ मध्ये पॅरिसमध्ये पहिली मापनी केली. शाळेत कोणत्या मुलांना जादा मदत लागेल हे ओळखणे हा तिचा हेतू होता. पुढे लुईस टर्मन यांनी स्टॅनफर्डमध्ये १९१६ साली तिची मोठी आवृत्ती काढली. डॉ. वि. वि. कामत यांनी १९३० च्या दशकात तिला भारतीय रूप दिले, तेही मराठी आणि कन्नड मुलांसाठी. सोलापूरच्या मराठी किंवा कन्नड घरातल्या मुलाला ती तशी जवळची. चिन्ना या दोन्हींत बसत नव्हता.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. या चाचणीत ऐकून समजणे आणि बोलून सांगणे यांवर फार भर आहे. नेमके प्रश्न इथे देणार नाही, ते बाहेर फुटले की चाचणी निकामी होते. प्रकार मात्र सांगता येतात. आकडे ऐकून तसेच म्हणून दाखवणे, वाक्य ऐकून पुन्हा म्हणणे, चित्राबद्दल सांगणे, दोन वस्तूंतला फरक सांगणे. आता, वाक्य ऐकून तसेच पुन्हा म्हणता न येणे ही विकासात्मक भाषा विकाराची, म्हणजे लहानपणापासून भाषाच नीट न उमलण्याची, आम्ही शोधतो ती एक ठळक खूण आहे. म्हणजे जी गोष्ट मी भाषेच्या आजाराचा पुरावा म्हणून नोंदवते, तीच तिथे बुद्धीची उणीव म्हणून मोजली गेली. पाय मोडलेल्या मुलाला पळायला लावून त्याची छाती किती दमदार आहे हे ठरवण्यासारखे झाले.

एक मुद्दा मात्र मी पालकांच्या विरोधात मांडला. वडिलांच्या भाच्याने मोबाइलवर शोधून सांगितले होते की ही चाचणी खूप जुनी आहे, म्हणून गुण कमी आले. हा युक्तिवाद टिकत नाही. जुन्या मानकांवर, म्हणजे जुन्या पिढीतल्या मुलांच्या गुणांशी तुलना करून, तपासले की आजच्या मुलांचे गुण साधारणपणे वाढीव दिसतात. शंका घ्यायचीच तर बरोबर जागी घ्यावी, म्हणजे ती समोरच्याला झटकता येत नाही.

समोर असलेले पर्याय

अहवाल मान्य करणे हा पहिला मार्ग होता, आणि तो वाटतो तितका वाईट नव्हता. बौद्धिक दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र मिळाले की शिष्यवृत्ती, प्रवासातली सवलत, राष्ट्रीय न्यास कायद्याखालचा १ लाख रुपयांपर्यंतचा निरामय आरोग्य विमा, अशी दारे उघडतात. विशेष शाळेत वर्गात मुले कमी असतात. खाडा झाला की ज्या घराचा त्या दिवसाचा पैसा बुडतो, त्या घराला हे सगळे सोडायला सांगताना मला जड गेले. पण एकदा तो शिक्का बसला की पुढचा प्रत्येक माणूस त्याच्याकडून तेवढीच अपेक्षा ठेवणार होता.

दुसरा मार्ग म्हणजे लगेच दुसऱ्या केंद्रात जाऊन तीच चाचणी पुन्हा करणे. वडिलांचा ओढा इकडे होता. मी नको म्हटले. इतक्या लवकर तीच चाचणी दिली तर प्रश्न ओळखीचे होतात आणि वाढलेल्या गुणांवर कोणी विश्वास ठेवत नाही. शिवाय अडचण होती ती बोलून उत्तर देण्याची. केंद्र बदलून ती सुटत नव्हती.

तिसरा मार्ग मुंबईचा. वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, वाणी आणि श्रवण दोन्हींची तपासणी एका ठिकाणी होते. रात्रीच्या सिद्धेश्वर एक्सप्रेसने जायचे, सकाळी उतरायचे. पण एका फेरीत काम होत नाही, आणि तिथेही तेलुगूचा प्रश्न उरतोच. हा मार्ग आम्ही राखून ठेवला.

चौथा मार्ग इथेच थांबून, क्रमाने तपासत जायचा. आधी कान, मग दोन्ही भाषांतली समज, मग बोलावे न लागणाऱ्या चाचण्या, आणि घरातल्या वागण्याची नीट मुलाखत. वेळ जास्त लागणार होता. तोवर विशेष शाळेत घालायचे नाही, हे पालकांनी शाळेला ठामपणे सांगायचे. शिक्षण हक्क कायदा २००९ नुसार ६ ते १४ वयाच्या मुलाला शेजारच्या शाळेत शिकण्याचा हक्क आहे आणि प्रमाणपत्र आणा मगच बसवू असे म्हणता येत नाही. वडिलांनी हे मला माझ्या पॅडवर लिहून मागितले. मी दिले. शाळेने पुढे त्रास दिला नाही.

आईच्या मनात एक भीती होती, ती तिने दारात चप्पल घालताना बोलून दाखवली. “दुसऱ्यांदा पण तेच आलं तर?” मी तिला सांगितले, “ताई, तेच येऊ शकतं. तेव्हाही त्याला बोलायला शिकवायचंच आहे.” हे मी धीर द्यायला म्हटले नव्हते. भाषा विकाराची संज्ञा ठरवणाऱ्या तज्ज्ञांनी २०१७ मध्ये हेच मांडले, की भाषेची अडचण मानायला बुद्ध्यांक अमुक इतका हवाच अशी अट नको. आकडा काहीही निघाला तरी चिन्नाचे वाचोपचार थांबणार नव्हते.

समजते म्हणजे नेमके किती

श्रवण तपासणी लवकर उरकली. दोन्ही कान चांगले होते. बुद्ध्यांक काढण्याआधी ती व्हायला हवी होती आणि झाली नव्हती, एवढेच नोंदवते.

मग तेलुगूतली समज. मला तेलुगू कामापुरते येते, त्यामुळे अव्वाला मदतीला घेतले. मी मराठीत सांगायचे, तिने तेलुगूत विचारायचे. चिन्नाने जवळपास सगळे बरोबर केले. वडील खुश झाले. “बघा मॅडम, सगळं कळतं त्याला.” मीही वहीत तसेच लिहिले.

त्या रात्री मी मोबाइलवर घेतलेले चित्रण पुन्हा पाहिले. अव्वा म्हणते, पेला खुर्चीखाली ठेव. तेलुगूत ‘कुर्ची किंद’. म्हणताना तिची मान खाली झुकते, नजर खुर्चीच्या पायांकडे जाते. चिन्ना तिच्या तोंडाकडे बघतच नव्हता, तो तिच्या डोळ्यांकडे बघत होता. मी चित्रण मागे नेऊन चार वेळा पाहिले. प्रत्येक सूचनेला हेच.

पुढच्या आठवड्यात ओळखीची एक तेलुगू भाषिक डी.एड. झालेली मुलगी बोलावली. तिला आधी अर्धा तास शिकवले. हात मांडीवर, नजर समोरच्या भिंतीवर, वाक्य एकदाच आणि सरळ म्हणायचे. ‘कुर्ची किंद’ म्हटल्यावर चिन्नाने पेला उचलला, तिच्या डोळ्यांकडे बघितले, तिथे काही सापडले नाही, आणि पेला खुर्चीवर ठेवला. ‘कुर्ची मीद’ म्हणजे खुर्चीवर, तेव्हाही खुर्चीवरच. किंद आणि मीद हा फरक त्याला शब्दाने कळत नव्हता. एका वेळी एक-दोन गोष्टींची छोटी सूचना त्याला समजे, वाक्य लांबले की हरवत होता. तेलुगूत आणि मराठीत दोन्हींकडे, मराठीत जास्त.

या प्रकरणातला सगळ्यात अवघड क्षण माझ्यासाठी हा होता. पालकांनी अहवालावर घेतलेली शंका योग्य होती, पण शंकेला आधार म्हणून ते जे सांगत होते ते पूर्ण खरे नव्हते. ‘सगळं समजतं’ हे खरे वाटत होते कारण घरातला प्रत्येक माणूस नकळत त्याला खुणेने मदत करत होता. इतकी वर्षे प्रेमाने केलेली मदत होती ती. हे सांगितले तर त्यांना वाटले असते की मीही आता त्या अहवालाच्या बाजूला गेले. न सांगता पुढे गेले असते तर शाळेत बाई फळ्याकडे तोंड करून बोलतात तेव्हा हा मुलगा का हरवतो, हे कोणालाच कळले नसते.

मी दोन्ही चित्रणे त्यांना शेजारी शेजारी दाखवली. स्वतः काही म्हटले नाही. वडिलांनी दुसरे चित्रण बघून मोबाइल टेबलावर पालथा ठेवला. अव्वा म्हणाली, “मग त्याला डोळ्यांचं कळतं की.” तिचे बरोबर होते. दुसऱ्याच्या नजरेवरून हेतू ओळखून त्याप्रमाणे वागणे हीही एक समजच आहे. भाषेची खाच तो नजरेने भरून काढत होता. त्या एका वाक्याने खोलीतले वातावरण निवळले.

दुसरी तपासणी

पहिली चाचणी करणाऱ्या मानसशास्त्रज्ञांना मी स्वतः फोन केला. वडिलांना तक्रार अर्ज करायचा होता. मी म्हटले, आधी बोलून बघू. त्या चिडल्या नाहीत. माझी चिठ्ठी त्यांनी फाइलमधून काढून वाचून दाखवली. त्यात घरची भाषा नव्हती, उच्चारांची अडचण किती गंभीर आहे हे नव्हते, कशासाठी तपासायचे हे नव्हते. शाळेचा निरोप होता, बुद्ध्यांक काढा. त्यांनी बुद्ध्यांक काढला. व्हाइनलँडची मुलाखत त्यांनी वडिलांची घेतली होती, मराठीत, दहा मिनिटांत. दिवसभर कारखान्यात असणाऱ्या माणसाला मुलगा स्वतः जेवतो का, कपडे घालतो का, हे विचारले की बऱ्याच ठिकाणी ‘माहीत नाही’ येते. दोन्ही आकडे एकमेकांशी जुळले म्हणून निदान पक्के दिसले, पण दोन्ही कच्च्या पायावर उभे होते.

त्यांनी जुन्या अहवालाला पुरवणी जोडून दिली, की वाचा आणि भाषेच्या अडचणीमुळे हा बुद्ध्यांक मुलाच्या एकूण क्षमतेचे माप धरू नये, पुनर्तपासणी आवश्यक. आपल्याच अहवालावर असे लिहून द्यायला मन मोठे लागते.

सात महिन्यांनी, चिन्ना ७ वर्षे ३ महिन्यांचा असताना, त्यांनीच पुन्हा तपासले. मधल्या काळात त्याचे वाचोपचार सुरू झाले होते आणि परक्या माणसासमोर बसायची भीती कमी झाली होती. या वेळी दोन सकाळी ठेवल्या, नाश्ता करून यायला सांगितले. तेलुगू बोलणारी तीच मुलगी सूचनांसाठी, आणि मी कोपऱ्यात.

सेगँ फॉर्म बोर्ड म्हणजे लाकडी पाटीवर दहा आकारांचे ठोकळे बसवायचे. तीनदा करायचे, सर्वांत कमी वेळ धरायचा. पहिल्या फेरीत षट्कोन आणि लंबगोल यांत तो घोटाळला. तिसऱ्या फेरीत एकही ठोकळा दोनदा उचलावा लागला नाही. मग रेव्हनच्या रंगीत आकृत्या. ३६ आकृत्या, प्रत्येकीत एक तुकडा कापलेला, खालच्या सहांतून बरोबर तुकडा बोटाने दाखवायचा. सोप्या त्याने पटापट दाखवल्या. अवघड आल्या तेव्हा थांबला. एक डोळा मिटून आकृतीतल्या रेघेवरून बोट फिरवत तुटलेल्या जागेपर्यंत आला आणि तिथून खालच्या एकेका तुकड्याकडे गेला. टॉवेलची किनार जुळते का हे त्याचे वडील असेच बोट फिरवून बघतात, मी कारखान्यात पाहिले आहे.

रेव्हनमध्ये तो २५ ते ५० शततमकाच्या मध्ये आला, म्हणजे त्याच्या वयाच्या शंभर मुलांत पंचवीस ते पन्नास त्याच्या मागे. मलिन यांनी वेश्लर बुद्ध्यांक चाचणीवरून भारतीय मुलांसाठी बेतलेल्या मापनीचा फक्त कृतीचा भाग घेतला, त्यात ८८. शाब्दिक भागाचा आकडा मुद्दाम काढला नाही. व्हाइनलँडची मुलाखत या वेळी आईची झाली, तेलुगूत, उदाहरणे मागून मागून, पाऊण तास. सामाजिक गुणांक ८१, संवादाच्या बाबी सर्वांत खाली. शर्टाची बटणे आई लावून देत होती, शाळेची घाई असते म्हणून. ‘येत नाही’ आणि ‘करू देत नाही’ यांतला फरक विचारल्याशिवाय कळत नाही.

निष्कर्ष असा लिहिला गेला, की बौद्धिक दिव्यांगत्व आढळत नाही, गंभीर विकासात्मक भाषा विकार आणि उच्चारांच्या हालचालींच्या नियोजनात अडचण. २०१३ च्या डीएसएम-५ या मानसिक विकारांच्या निदानाच्या अमेरिकी नियमपुस्तिकेप्रमाणेही बौद्धिक दिव्यांगत्व ठरवायला नुसता आकडा पुरत नाही, रोजच्या जगण्यातली क्षमताही तितकीच कमी असावी लागते. ५८ चे ८८ झाले असे वडील गल्लीत सांगत सुटले, तेव्हा मी त्यांना थांबवले. या दोन चाचण्या एकाच गोष्टीचे माप नाहीत. मुलगा सात महिन्यांत हुशार झाला नव्हता. त्याला या वेळी उत्तर देण्याची वाट मिळाली.

प्रमाणपत्राचा पेच

आता आईने विचारले, “मग आम्हाला काय मिळालं?”

बौद्धिक दिव्यांगत्व नाही, म्हणून ते प्रमाणपत्र नाही, निरामय नाही. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत आणि त्यांत वाणी आणि भाषेचे दिव्यांगत्वही आहे. पण त्याची व्याख्या वाचली तर ती स्वरयंत्र काढावे लागलेले किंवा अफेझिया झालेले, म्हणजे मेंदूला इजा होऊन भाषा गमावलेले, अशा शारीरिक वा मज्जासंस्थेच्या कारणाने कायमचे दिव्यांगत्व आलेल्या लोकांभोवती बेतलेली आहे. जन्मापासून भाषाच नीट उमलली नाही अशा मुलाला त्यात जागा मिळणे कठीण. अध्ययन अक्षमतेचे, म्हणजे वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यातल्या अडचणीचे, प्रमाणपत्र आठ वर्षांच्या आत देत नाहीत. परदेशी पाहण्यांत साधारण ७ टक्के मुलांत भाषा विकार सापडतो, म्हणजे मोठ्या वर्गात दोन-तीन मुले तरी, आणि तरी आपल्या कायद्याच्या चौकटीत ती मुले दोन खणांच्या मधल्या फटीत पडतात. हे मला फार लागते. चुकीचे प्रमाणपत्र घेतले तर मदत मिळते आणि खरे निदान घेतले तर हात रिकामे, असा व्यवहार कोणत्याही आईबापांपुढे ठेवायला नको.

आईबापांनी दोन दिवस विचार केला आणि चुकीचे प्रमाणपत्र नको म्हणून कळवले. हा निर्णय त्यांचा होता. कोणी उलट निर्णय घेतला असता तर मी त्यांना दोष दिला नसता.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत आधी माझी चिठ्ठी. आता मी बुद्ध्यांकासाठी पाठवते तेव्हा घरची भाषा कोणती, मूल बोलून किती उत्तर देऊ शकते, बोटाने दाखवू शकते का, श्रवण तपासणी झाली का, आणि मला नेमके काय जाणून घ्यायचे आहे, हे सगळे लिहिते. पानभर होते. चिन्नाच्या वेळी मी हे लिहिले असते तर तो अहवाल वेगळा निघाला असता असे मला खात्रीने वाटते.

घरच्या माणसाला दुभाषा करणे ही माझी दुसरी चूक. अव्वाचा हेतू शुद्ध होता, पण चित्रण नसते तर मी एक चुकीचा निष्कर्ष बदलून त्याच्या जागी दुसरा चुकीचा ठेवला असता, आणि तो पालकांच्या आवडीचा असल्याने कोणी पुन्हा तपासलाही नसता.

शाळेने घरी फक्त मराठी बोला असा सल्ला दिला होता, आणि आईने तो महिनाभर पाळला. तिची मराठी मोडकी. त्या महिनाभर ती मुलाशी जवळपास बोललीच नाही. मला हे उशिरा कळले. पहिल्या भेटीत मीच सांगायला हवे होते, की आईने आपल्या भाषेतच भरभरून बोलावे. भाषा विकार दोन भाषांमुळे होत नाही आणि एक काढून घेतली म्हणून बरा होत नाही.

तक्रार अर्ज न करता फोन करण्याचा निर्णय मात्र मी आजही तसाच घेईन. तसेच सात महिने थांबण्याचाही, जरी त्या काळात वडील दर आठवड्याला विचारत होते.

सध्या

चिन्ना आता नऊ वर्षांचा आहे, त्याच शाळेत तिसरीत. वाक्ये पाच-सहा शब्दांची झाली आहेत, अनोळखी माणसाला त्याचे निम्म्याहून जास्त बोलणे समजते. बाई सूचना देताना त्याच्याकडे तोंड करतात आणि छोटी वाक्ये बोलतात. एवढ्या एका बदलाने वर्गातला त्याचा गोंधळ बराच कमी झाला. आईने सरावाची स्वतःची रीत बसवली आहे. मांडीवर सूप घेऊन विड्या वळताना पंचवीस विड्यांचा एक कट्टा झाला की चिन्नाने एक शब्द तीनदा सारखा म्हणायचा. हजार विड्यांच्या दिवशी चाळीस कट्टे होतात. चाळीस शब्द. माझ्या खोलीत आठवड्यातून दोन वेळा जे होते त्यापेक्षा हे कितीतरी जास्त आहे.

वाचन मागे आहे. जोडाक्षरे आली की अडतो, वाचलेल्याचा अर्थ पुष्कळदा हातून निसटतो. भाषा विकार असलेल्या बऱ्याच मुलांत हे दिसते आणि याची कल्पना पालकांना आधीच दिली होती. येत्या जूनमध्ये अध्ययन अक्षमतेसाठी तपासणी ठरली आहे.

मागच्या आठवड्यात वडील तारीख विचारायला आले. टॉवेलच्या दुकानाची तीच पिशवी, आत दोन्ही अहवाल आणि पुरवणीचा कागद. तारीख लिहून घेतली आणि जाता जाता वळून विचारले, “मॅडम, तपासणारे तेलुगू बोलतात का? नाहीतर त्या पोरीला सांगून ठेवतो.”